घडावरचा कागद

नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या कॉलनीतल्या देवीच्या मंडपात दहावीचा संध्याकाळचा वर्ग घेते. द्राक्षबागांत मजुरीला येणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या कुटुंबांची मुलं तिथे येतात. जागा देवस्थानाची, पुस्तकं शाळेची, पोहे भाजीवाल्या बायकांचे. असं दहा जणांनी मिळून चालवलेलं काम.

त्या वर्षी मात्र देवीशी माझं वाजलं होतं. परीक्षा दोन दिवसांवर आली आणि वर्गातली सगळ्यात हुशार सुनीता बेपत्ता. तिची टोळी महिन्यापूर्वी दुसऱ्या बागेत गेली, कुठे ते कुणाला ठाऊक नाही. मुकादमाचा फोन बंद. तिचं हॉल तिकीट माझ्या पर्समध्ये. तिच्या आईने तर आधीच सुनावलं होतं, शिकून काय दिवे लावणार, कामाला हात हवा. मागचे चार दिवस मी बागा पालथ्या घातल्या होत्या. शेवटी आरतीला उभी राहिले, पण टाळी वाजवली नाही. मनात म्हटलं, बये, तुझ्याच मंडपात शिकली ना पोर? मग आता तूच बघ. इतकं उद्धट मी सख्ख्या आईशीही कधी बोलले नव्हते.

आरती झाल्यावर गुरवांनी प्रसादाचा घड हातावर ठेवला. ऊन लागू नये म्हणून बागेत घडांना कागद बांधतात, तो तसाच होता. उलगडला तर आतून पेन्सिलीने सोडवलेलं वर्गसमीकरण! उत्तराला चौकट आणि चौकटीच्या कोपऱ्यात इवलंसं फूल. या फुलापायी मी सुनीताला कितीदा रागावले होते. घंटा, माणसं, सगळं दूर दूर गेल्यासारखं झालं.

प्रसादाची द्राक्षं आणणारे मालेगावचे टेंपोवाले चाचा अजून बाहेरच चहा घेत होते. त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं. घड ज्या बागेतला, ती त्यांच्या रोजच्या फेरीतली निघाली. पहाटे येतो म्हणाले, आणि आले.

बागेत धुकं होतं. मांडवाखाली हजारो पांढरे कागद लटकलेले, मी त्यांतून झोपेत चालल्यासारखी चालत होते. वेलींतून सुनीता पुढे आली, हातात कात्री.

“बाई, मी अभ्यास सोडला नाय.”

मागे तिची आई उभी. तिला पटवायला मी वाटभर काय काय जुळवून आणलं होतं! तिने काही ऐकलंच नाही. लेकीच्या हातातली कात्री काढून घेतली.

“न्या तिला. तिची ओळ मी धरते.”

आमच्या कामात कोण कोण आपलं, हे मी बोटांवर मोजत असे. ही माऊली त्यात कधीच नव्हती, उलट तिला मी आडकाठीच समजत होते. माझीच मला लाज वाटली. तो कागद माझ्याच हाती कसा आला ते मी आता विचारत नाही. देणाऱ्याला ठाऊक असतं, आपण हात पुढे करावा, बस्स.

टेंपो सुरू होताच सुनीता माझ्या खांद्यावर झोपली. मी वळून पाहिलं. तिची आई दोन ओळींच्या मधोमध उभी होती, एक घड इकडचा काढत होती, एक तिकडचा.