चार्टर्ड बसमधली काळी कॉफी

नोएडात घर घेतल्यापासून मी दिल्लीच्या ऑफिसला चार्टर्ड बसने जायचो. शेजारी रोज एक पंजाबी बाई बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. दोघांच्या बाकात पाऊण वाटा त्यांचा आणि पाव माझा. बसल्या की त्या आणखी थोडं खिडकीकडे सरकून बघत, जमत नसे, मग माझ्याकडे पाहून हसत.

एका हिवाळ्यात त्यांच्या थर्मासमध्ये गोड चहाऐवजी बिनसाखरेची काळी कॉफी आली. कॉफीने वजन उतरतं, असं त्यांनी मासिकात वाचलं होतं.

"मार्च में वैष्णोदेवी जाना है, भाईसाब. पिछली बार घोड़े पे चढ़ी थी, देवरानी आज तक सुनाती है. इस बार पैदल चढ़ूँगी."

धाकट्या जावेचे टोमणे आठवत, डोळे मिटून, औषध घ्यावं तसा त्या एकेक घोट घेत.

माझा विश्वास आकड्यांवर, मासिकांवर नाही. पण फेब्रुवारीपर्यंत बाकावरचा माझा वाटा पावावरून जवळजवळ निम्म्यावर आला. मार्चअखेर त्यांनी प्रसादाचे अक्रोड माझ्या हातावर ठेवले.

"पूरी चढ़ाई पैदल. देवरानी घोड़े पे थी."

"कॉफी में सचमुच इतना असर है?" मी विचारलं.

"असर-वसर पता नहीं. चाय के साथ चार मठरी जाती थीं. इस कड़वी के साथ एक भी नहीं जाती."

मठरी म्हणजे तिकडची तळलेली खारी पुरी; हिशेब मला पटला. त्याच संध्याकाळी मी घरी काळी कॉफी करून घेतली. तिच्याबरोबर चकली फार छान लागते, हे मला तेव्हा कळलं.