चपलांपाशी ठेवलेलं पातेलं

माझ्या शिऱ्याचं पातेलं चपलांच्या रॅकपाशी ठेवलं होतं. जमिनीवर. बाकी बायकांची भांडी वर टेबलावर, मराठी मंडळाच्या गणपतीसमोर.

दोन हजार पाच साल. हॉलंडमधल्या झूटरमेर गावी, त्याच भाड्याच्या हॉलमध्ये मी दर रविवारी आयटीवाल्यांच्या मुलांना मराठी शिकवायचे. डच शाळेत बाईंना 'यूफ' म्हणतात, म्हणून मुलं मलाही यूफच म्हणायची. नवऱ्याच्या आडनावावरून आमची जात कुणाला कळली नव्हती.

आदल्या रविवारी 'पाणी' शब्द शिकवताना मी आईचं सांगितलं. लहानपणी तिला गावच्या विहिरीवर चढू देत नसत. घागर घेऊन खाली बसायची. वरून कुणी ओतलं तर पाणी.

"का?" मुलांनी विचारलं.

मी का ते सांगितलं. मुलांनी घरी सांगितलं. एवढंच झालं, आणि पातेलं खाली आलं.

मंडळ चालवणाऱ्या मेधाताई हसतच जवळ आल्या. "गैरसमज नको हं. सासूबाई आल्यात पुण्याहून, त्यांचं सोवळं असतं." मग हळूच, "आणि मुलांना ते जातीबितीचं नका ना सांगू. इथे हॉलंडमध्ये कुठे आलीय जात?"

मी पातेल्याकडे वळले. नवऱ्याने माझा दंड धरला. "जाऊ दे. चार माणसांत राहायचंय आपल्याला."

ही माणसं? ऑफिसात कुणा गोऱ्याने डब्याच्या वासाला नाक मुरडलं, की महिनाभर 'रेसिझम, रेसिझम' करणारी?

मी हात सोडवला. पातेलं उचलून टेबलाच्या मधोमध आदळलं.

"इथे जात नाही ना, मेधाताई? मग हे खाली कुणी ठेवलं?"

मेधाताईंची मुलगी सई पटकन बोलली. "ममा डिड इट, यूफ."

मेधाताईंनी तिला खसकन मागे ओढलं.

दुसऱ्या दिवशी मंडळातून फोन आला. वर्ग सध्या बंद. पालकांची तशी इच्छा आहे म्हणे.

बंद? कुणाचा वर्ग?

मी लायब्ररीत जाऊन खोली मागितली. बुधवारी दुपारी शाळा नसते, तेव्हाची मिळाली. थोडीच मुलं आली. पालकांना मी दारातच सांगितलं, "जात हा शब्दही शिकवणार. तो कुणी कुणाविरुद्ध वापरला, तेही. चालत नसेल तर आत्ताच घेऊन जा."

एक बाप मुलाला घेऊन गेला. जाऊ दे.

यांच्या पंगतीत जागा मागायला मी आता जाणार नाही. आवाजही खाली आणणार नाही. समोर एकच पोर उरलं, तरी त्याला सगळं शिकवीन.