श्रीधररावांचा तीनशेवा सिंहगड

माझ्या धाकट्या बहिणीचे, नीरजाचे यजमान म्हणजे श्रीधरराव. टपाल खात्यातून निवृत्त झाले आणि धायरीला सोसायटीत राहायला आले. मी शेजारच्याच इमारतीत, त्यामुळे माझी करमणूक घरपोच. पोट असं, की हे खिडकीत उभे राहिले की नीरजा दिवा लावायची. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण नुसतं चालणं यांना कमीपणाचं. जिन्यात चार माणसं गाठून यांनी जाहीर केलं, दर रविवारी सिंहगड चढणार.

आणि जायला लागले हो. पहाटेची पीएमटीची बस, अकराच्या आत घरी, हातात दह्याचं मडकं. कॅलेंडरवर लाल रेघ. मग दुपारभर वर्णनं. "वर पुणे दरवाज्यात आज काय वारा होता, सुनीतीताई, टोपी उडाली." सहा वर्षांत किती टोप्या उडाल्या याचा हिशोब मी ठेवला नाही. घरात टोपी एकच होती.

आता गंमत सांगते. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात मी आमच्या भिशीच्या बायकांबरोबर गड चढत होते. निम्म्या वाटेवर तुळजाबाईचं खोपटं आहे, तिथं ताक प्यायला थांबले. तर आत बाकड्यावर श्रीधरराव. पुढ्यात कांदाभजी, आणि चढणाऱ्यांना सल्ला चाललेला, "अहो, तोंडानं नाही, नाकानं श्वास घ्या. गड असा चढत नसतात." मी पदर तोंडावर घेऊन मागं सरकले आणि तुळजाबाईला हळूच विचारलं, हे नेहमी येतात का?

"दर आइतवारी. हितनं म्होरं कवा गेलं न्हाईत. पन माणूस चांगला हाय, भज्याला नाव ठेवत न्हाई."

नंतर मी त्यांना एकटं गाठलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. पहिल्याच रविवारी तिथं पोटरीत गोळा आला. बसले, ताक प्यायले, उतरले. घरी नीरजानं विचारलं, जाऊन आलात? हे म्हणाले, आलो. झालं. एकदा सांगितलेलं परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

मी हे कुणाला सांगितलं नाही. इतकी चांगली वस्तू कुणी एका दिवसात संपवतं का?

पुढच्या वर्षी सोसायटीच्या आप्पासाहेबांनी काढलं, श्रीधररावांचा तीनशेवा रविवार येतोय, सत्कार करायचा. आप्पासाहेबांच्या कपाटात एक शाल कायम तयार असते, माणूस सापडायचा अवकाश. सभा गच्चीवर घ्यायची ठरत होती. मीच म्हटलं, "गच्चीवर कशाला? गडावरच करू. पुणे दरवाज्यात. सगळ्यांची सहल होईल."

श्रीधररावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी बशीतल्या चहात बघायला लागले.

"ताई," जिन्यात मला गाठून म्हणाले, "चाळीस माणसांपुढे माझं नाक कापलं जाणार."

"चढा की मग. नाकानं श्वास घ्या."

त्या रविवारी सोसायटी जीपांनी वर गेली. उत्सवमूर्ती पायी येणार, नऊला. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. पिठलं गार व्हायला लागलं. आप्पासाहेब भाषणाचा कागद तिसऱ्यांदा वाचत होते. नीरजा पायवाटेकडे बघत होती आणि मला आता भजी जाईनात. मस्करीत मी त्या माणसाला कुठं लोटलं, असं वाटायला लागलं.

दहाला आधी तुळजाबाई दिसली. कमरेला पदर खोचलेला, एका हातात काठी. काठीचं दुसरं टोक श्रीधररावांच्या हातात. चेहरा टोमॅटोसारखा. दरवाज्यात आले, वळले, आणि खाली खडकवासल्याचं पाणी उन्हात चमकत होतं ते बघत उभेच राहिले.

"अरे," म्हणाले, "किती सुंदर दिसतं हो इथनं. मला माहीतच नव्हतं."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग कागद खिशात घालून म्हणाले, "ऐकलंत? तीनशे वेळा येऊनही हा माणूस गडाकडे पहिल्यांदा आल्यासारखा बघतो. याला म्हणतात निष्ठा."

टाळ्या. मी तोंडात अख्खं भजं कोंबलं, नाहीतर हसू फुटलं असतं.

शाल घातली, नारळ दिला. श्रीधररावांनी शाल काढली आणि तुळजाबाईच्या खांद्यावर ठेवली. "निम्मा गड यांच्यामुळे," म्हणाले. परत टाळ्या. विनम्रपणा केवढा, असं कुणीतरी म्हणालं. तुळजाबाई मला म्हणाली, "खोपटं उघडं टाकून आलेय बया, माकडं भजी खात्यात."

नीरजाला माहीत होतं का? नवऱ्याचे बूट सहा वर्षांत फारसे झिजले नाहीत हे तिला दिसलं नसेल, असं मला वाटत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "दही चांगलं असायचं."

पुढच्या रविवारी बारा वाजून गेले तरी श्रीधरराव आले नाहीत. एकला आले, लंगडत, हातात मडकं. मी जिन्यातच होते.

"काय, तीनशे एकावा झाला वाटतं?"

"दुसरा," म्हणाले, आणि दह्याचं मडकं माझ्या हातात देऊन वर गेले.