लालबाग ते गिरगाव, मुक्काम तीन आठवडे

मुलांना शाळेच्या गेटबाहेर काढलं की किस्से आपोआप जमायला लागतात. आमच्या स्टाफरूममध्ये तर पद्धतच पडलीय. कुणी मुलांना घेऊन बाहेर जाऊन आलं की आधी त्याच्यापुढे चहा ठेवायचा आणि मग विचारायचं, "बोल, या वेळी काय केलं कार्ट्यांनी?" मी लालबागच्या एका मराठी शाळेत सायन्स शिकवते. या मे महिन्यात मी जे गोळा करून आणलंय, त्यावर दिवाळीपर्यंत माझा चहा फुकट!

झालं असं, गिरगावातल्या एका कॉलेजने नववी झालेल्या मुलांसाठी तीन आठवड्यांचं सायन्स शिबिर ठेवलं. हॉस्टेलवर राहायचं, खऱ्या लॅबमध्ये काम करायचं. टेस्ट घेऊन मुलं निवडली, त्यात आमची आठ! बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ने-आण करायला मला आणि पीटीच्या खानविलकर सरांना जुंपलं.

आधी पालकसभा. लालबाग ते गिरगाव, टॅक्सीने फार तर वीस मिनिटं. पण पालकांचे चेहरे असे, जणू पोरं बोटीवर चढतायत. ओंकारच्या आईने हात वर केला.

"मॅडम, तिकडचं पाणी मानवेल ना त्याला?"

"अहो, तेच पाणी आहे. पालिकेचं!"

त्यांनी जरा विचार केला. "हो, पण ते गिरगावात येतं ना!"

*

मुक्कामाच्या आठवडाभर आधी आम्ही मुलांना नुसतं कॉलेज दाखवायला नेलं. मी बजावून ठेवलं होतं, "प्रत्येकाने एक तरी प्रश्न विचारायचा. गप्प बसायचं नाही!" लायब्ररी झाली, लॅब झाली, आठही जण ढिम्म! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी गच्चीवर एक वयस्कर प्रोफेसर टेलिस्कोप दाखवायला आले. दिवसाढवळ्या तारे कुठले, म्हणून त्यांनी तो करी रोडच्या टॉवर्सकडे वळवला. ओंकारने डोळा लावला आणि किंचाळलाच.

"सर, आमची बिल्डिंग! पण उलटी दिसतेय!"

प्रोफेसर खूश. भिंगं, किरण, प्रतिमा, सगळं समजावून सांगितलं. "अशा टेलिस्कोपमध्ये वरचं खाली दिसतं, खालचं वर. काही प्रश्न?"

ओंकारने हात वर केला. मला इतका आनंद झाला!

"सर, असंच ठेवता येईल का? आम्ही सतराव्या मजल्यावर आहोत आणि लिफ्ट बंद असते!"

*

खानविलकर सरांचं सगळं आयुष्य शिट्टीवर चालतं. त्याच दिवशी कॉरिडॉरमध्ये त्यांनी शिट्टी मारली, पोरं रांगेत उभी केली आणि मोजली. नऊ!

पुन्हा मोजली. पुन्हा नऊ! टोकाला एक बारीकसा, चष्मेवाला मुलगा ताठ उभा. सर त्याच्यावर कडाडले, "शर्ट बाहेर? खोच आधी!"

त्याने निमूटपणे खोचला. मग हळूच म्हणाला, "सर, मी इथे फिजिक्स शिकवतो. शिट्टी ऐकली, आपोआप उभा राहिलो."

मी जमिनीत जायच्या बेतात. पण खानविलकर सर म्हणजे सर!

"शिकवता? मग तर खोचायलाच हवा!"

*

मुक्कामाचा दिवस उजाडला. नियम एक बॅगेचा, आणि हॉस्टेलचं जेवण शुद्ध शाकाहारी. सानिकाची आजी मालवणची. तिने बॅगेत कपड्यांखाली स्टीलचा डबा दडपला होता. पण सुक्या जवळ्याची चटणी कपड्यांखाली दडते होय! रेक्टर मॅडमनी नुसता श्वास घेतला आणि थेट त्याच बॅगेकडे आल्या.

"हे चालणार नाही, आजी. डबा माझ्याकडे जमा."

आजी उसळलीच. "मगे माझा चेडू तीन हप्ते काय खातला? पालो?"

रेक्टर मॅडम हसल्या नाहीत. डबा घेऊन सरळ आत गेल्या.

तीन आठवड्यांनी आम्ही मुलांना आणायला गेलो, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन आजीच्या हातात डबा ठेवला. घासूनपुसून लख्ख. रिकामा परत देऊ नये म्हणून आत मूठभर साखर!

*

ओंकारची आई त्याला सोडून, चारदा मिठी मारून, डोळे पुसत टॅक्सीत बसली. अर्ध्या तासात मला फोन.

"मॅडम, ओंकार पोचला का?"

"अहो, तुम्हीच तर आत्ता त्याला इथे सोडलंत!"

"हो, ते झालं. पण मी घरी पोचले ना, म्हटलं तो पोचला का बघावं!"

*

आणि आता अस्मिताचं.

अस्मिता कांबळे, वरळीच्या बीडीडी चाळीतली. टेस्टमध्ये आठांत पहिली. वडील बस ड्रायव्हर. सकाळीच त्यांचा फोन आला होता, "जय भीम, मॅडम. ड्युटी काही बदलून मिळाली नाही. हिची आई गावी गेलीय. पोरीला तेवढं सांभाळा."

चारपर्यंत सगळ्यांचे आईबाप येऊन रडून गेले. अस्मिता मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कॉटवर बसलेली, बॅग मांडीवर, चेन बंद. पाचच्या आत रजिस्टरवर सही करायची, नाहीतर जागा वेटिंगवाल्या मुलीला.

"मॅडम, मी तुमच्याबरोबर परत येते."

"अगं, पहिली आलीस तू!"

"मग आता दुसरीला घ्या ना."

मी समजावलं, रागावले, चॉकलेट दिलं. ढिम्म हलेना! पावणेपाच झाले.

तेवढ्यात खालून आवाज आला. स्टॉपचं नाव पुकारावं तसा, लांब, हेल काढून.

"अस्मिताऽऽ कांबळेऽऽ!"

खिडकीतून बघते तर खाली सिग्नलला लाल बस उभी. कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लोंबकळतोय. ड्रायव्हरच्या खिडकीतून खाकी बाहीचा एक हात वर आलेला, नुसता हलतोय. आणि बसच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं! "ऑल द बेस्ट, बाळा!" "मन लावून शिक गं!" "जेवलीस का?" एका काकूंनी तर पिशवीतली मेथीची जुडीच हलवली! कंडक्टर घंटीवर घंटी मारतोय.

अस्मिता धावत आली. बॅग तिने कधी टाकली, मला कळलंच नाही. बॅग माझ्या पायावर पडली होती.

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या बोंबलायला लागल्या. हात काही आत जाईना.

"बाबा, सिग्नल सुटला!" ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडली. "जा ना! मी राहतेय इथे!"

तरी बस हलेना. तेव्हा मागच्या खिडकीतल्या एका आजोबांनी मान बाहेर काढली आणि पुढे ओरडले,

"अहो ड्रायव्हरसाहेब, राहायचंय तिला! आपण चला!"