हाताची घडी घातलेले कोट

माझ्या धाकट्या नणंदेला सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी बसणं तिला ठाऊकच नाही. माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो. ती कपड्यांच्या गोदामात कामाला लागली तेव्हा मला वाटलं, हिला अगदी हिच्या पायांसारखं काम मिळालं. दिवसभर ढकलगाडी घेऊन मांडण्यांमधून फिरायचं आणि गिऱ्हाइकांनी मागवलेले कपडे गोळा करून आणायचे.

कोटांच्या रांगेत एक गृहस्थ नवा माल लावत. विधुर होते. प्रत्येक कोटाच्या दोन्ही बाह्या छातीवर दुमडून मगच तो खणात ठेवत.

“हे काय, सगळ्यांना हाताची घडी घालायला लावलीत?” भिंगरीने एकदा विचारलं.

“तोंडावर बोटही ठेवायला सांगितलंय. ऐकतात कुठे!” ते म्हणाले.

हे घरी येऊन मला सांगताना ती इतकी हसली, की चहा उतू गेला. त्यानंतर मोजे आणायचे असले तरी हिची वाट कोटांवरूनच जायची.

मग गोदामात रोबो आले. कासवासारखे चपटे. ते मांडणीखाली शिरतात, ती अख्खी उचलतात आणि माणसासमोर आणून उभी करतात. मधली सगळी जागा जाळी लावून बंद केली. आत माणसाने पाऊल टाकायचं नाही. भिंगरी एका खिडकीशी उभी राहू लागली. दिवा लागेल त्या खणातला कपडा काढायचा आणि खोक्यात घालायचा. माल भरणारे जाळीच्या पार दुसऱ्या बाजूला, तेही आता सकाळच्या पाळीत. हिची पाळी दुपारची.

“चला, पाय तरी दुखायचे थांबले,” मी म्हटलं.

“दुखत होते तेच बरं होतं, वहिनी.”

पण एका रात्री ती उजळ चेहऱ्याने घरी आली. समोर आलेल्या मांडणीत कोट होते. हाताची घडी घालून.

तेव्हापासून दार उघडतानाच मी विचारायची, “आज?”

“आहेत,” ती म्हणायची.

“अगं, मग सकाळी जाऊन भेट की!”

“काय म्हणून जाऊ? कोटांची खुशाली विचारायला?”

“तेच सांग त्यांना.”

“इश्श! या वयात?”

असा अख्खा हिवाळा गेला. मग एक दिवस ती सकाळीच तयार झाली. पावडर लावलेली मी पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

सकाळची पाळी सुटेपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली. सगळे बाहेर आले, ते काही दिसेनात. शेवटी तिने माल भरणाऱ्या एका बाईंना विचारलं.

“ते होय? रोबो आले त्याच महिन्यात नोकरी सोडून मुलीकडे गेले. कुठल्या गावी, देव जाणे.”

“मग कोट कोण लावतं?”

“आम्हीच सगळे. बाही बाहेर लोंबली की रोबो जागीच थांबतो आणि सगळं काम अडतं. म्हणून साहेबांनी त्यांचीच घडी सगळ्यांना लावून दिली. जाता जाता तेच शिकवून गेले हो.”

भिंगरीने आपली पाळी पुरी केली आणि घरी येऊन हे सगळं मला जेवताना सांगितलं. ताटातला घास तसाच होता.

“ऑफिसात पत्ता असेल,” मी म्हटलं.

“विचारला. देत नाहीत.” मग म्हणाली, “माझी चौकशी केली होती का, तेवढं त्या बाईंना विचारायचं राहिलं.”

“उद्या विचार.”

“नको. नाही म्हणाल्या तर?”

दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं आणि गप्प राहिले. तिने चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली, तरी आत येईना.

“आज विचारलं नाहीत, वहिनी?”

“काय गं?”

“आले होते,” ती म्हणाली. “हाताची घडी घालून.”