मी तपासलेला अर्ज

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. रोज सकाळी त्यांच्या समोर बसून चहा पिते, गोष्ट ओठांवर येते — आणि चहाबरोबर परत खाली जाते. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे. तुम्ही मला ‘काकी’ म्हणून मान देत नाही, म्हणून असेल कदाचित.

झाशीतली आमची गल्ली सगळी बाहेरून आलेल्यांची. रेल्वेच्या नोकरीपायी आलेली आम्ही मराठी पाच-सात घरं, काही बिहारी, काही तेलुगू, बाकी एरचकडच्या खेड्यांतून कामाला आलेली माणसं. पण कागद लिहायचा म्हटला — नळ आटला, नाली तुंबली, ट्रान्सफॉर्मर उडाला — की सगळे माझ्या ओट्यावर. मी रेल्वेच्या दफ्तरात आवक-जावक सांभाळून रिटायर झालेली बाई. माझ्या हिंदीला साहेबसुद्धा मान द्यायचे. ‘काकी से लिखवा लो’ — हे किती वर्षं ऐकलं! आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं. हे आधीच कबूल केलेलं बरं.

मग गल्लीच्या मागे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी सुरू झाली. घशात उतरणारा आंबट धूर, गच्चीवरच्या पापडांवर काळी पूड. मी प्रदूषण मंडळाला दोन अर्ज पाठवले. उत्तर नाही. मी म्हटलं, सरकारी काम आहे, वेळ लागायचाच.

आणि मृणाल आली. नवऱ्याची भुसावळहून बदली झाली, म्हणून समोरच्या घरात वरच्या मजल्यावर. बरोबर सहा वर्षांची ईरा — दम्याची. भट्टी पेटली की त्या पोरीच्या छातीत शिट्टी वाजायची. आई तिला मांडीवर उभी धरून बसायची, खिडक्या लावून, भर दुपारी. तिला लढायचं होतं ते एवढ्यासाठीच — पोरीला श्वास घेता यावा म्हणून. याहून मोठं कारण काय असतं?

तिचं हिंदी म्हणजे ‘मेरे को’ आणि ‘तेरे को’. बायका हसायच्या — आणि हसता हसता तिच्या होऊन जायच्या. माझ्या शुद्ध हिंदीला कधी कुणी हसलं नाही. कधी कुणी जवळही आलं नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी माझ्याकडे. मराठी घरं तेवढी, तिळाची वडी, वाण म्हणून स्टीलची वाटी. त्या वर्षी हिनं अख्ख्या गल्लीला बोलावलं! आणि वाण काय दिलं? मानिक चौकातून आणलेले पांढरे रुमाल. म्हणाली, गच्चीवर बांधा, आठ दिवसांनी परत आणा. मी मनात म्हटलं, आता बाईचं हसं होणार. आठ दिवसांनी गल्लीतल्या बायका काळेमिट्ट रुमाल घेऊन तिच्या दारात उभ्या. कुणी न सांगता काहीजणींनी कोपऱ्यात सुईदोऱ्यानं आपलं नावही काढलं होतं. अंगठा लावणाऱ्या बायका त्या — नाव काढायला पोरींकडून शिकल्या होत्या. माझ्याकडे कधी शिकल्या नाहीत. मी कधी म्हटलंच नव्हतं.

ज्या शकुनभाभीच्या नवऱ्याच्या पेन्शनसाठी मी वर्षभर कागद लिहिले, तीही माझ्या दारावरून सरळ त्या जिन्याकडे जायला लागली. मी ओट्यावर बसून जिन्याखालच्या चपला मोजायचे. हो, मोजायचे. या वयात! पोरीची शिट्टी कानावर यायची आणि मी चपला मोजत असायचे.

फेब्रुवारीत तिनं अर्ज लिहिला आणि तो घेऊन माझ्याकडेच आली. ‘काकू, एकदा नजर टाका ना. तुमच्याइतकं कुणाला कळतंय?’

मी लाल पेन काढलं. मात्रा सुधारल्या, ‘महोदय’च्या पुढे स्वल्पविराम दिला, ‘मेरे को’च्या जागी ‘मुझे’ केलं. आणि तिसऱ्या ओळीवर थांबले. प्लॉट नंबर बेचाळीस.

बेचाळीस म्हणजे रस्त्याकडची जागा, पाइपांचं गोदाम. फाटकावर पाटी त्याचीच. भट्टी मागच्या त्रेसष्ट नंबरात. मालक एक, फाटक एक, म्हणून नव्या माणसानं पाटीवरचा नंबर उतरवला — कुणीही तेच केलं असतं. मला मात्र त्रेसष्ट पाठ होता, माझ्या दोन्ही अर्जांत तोच होता.

पेन त्या आकड्यावर टेकलं होतं. किती वेळ? तुम्ही म्हणाल, नजरचूक झाली असेल. नाही. मी पेन उचललं आणि खालच्या ओळीतला अनुस्वार दुरुस्त केला. मग कागद तिच्या हातात देऊन म्हटलं, ‘छान झालाय. दे पाठवून.’

अधिकारी आला. बेचाळीस नंबरचं फाटक उघडलं, पाइप पाहिले, ‘अशी कोणतीही भट्टी आढळली नाही’ असं लिहून गेला. तक्रार बंद. मालकाला आता भीती उरली नाही. धूर दुप्पट झाला.

गल्लीची बैठक भरली. शकुनभाभी म्हणाली, ‘पहले काकी को दिखा लेतीं तो जे दिन न देखने परते.’ मृणालनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मान खाली घालून म्हणाली, ‘गलती मेरी है.’ माझं नाव तिनं घेतलं नाही. आणि मी? मी म्हटलं, ‘हो जाता है, बेटा.’ मोठेपणानं! तिच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला.

उन्हाळ्यात ईराला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. नळी, मास्क, सगळं. महिन्याभरात मृणाल तिला घेऊन भुसावळला निघून गेली. नवरा इथे एकटा राहिला. जाताना रुमालांची पिशवी आणि गल्लीतून जमवलेल्या सह्यांचे कागद माझ्याकडे देऊन माझ्या पाया पडली.

त्यानंतर आठच दिवसांनी मी अर्ज लिहिला. नंबर त्रेसष्ट. सोबत तिनं जमवलेले रुमाल जोडले, तिनं मिळवलेल्या सह्या जोडल्या. या वेळी अधिकारी बरोबर जागी आला. दिवाळीच्या आत भट्टीला सील. गल्लीनं पेढे वाटले, मराठी समाजाच्या कार्यक्रमात मला शाल-श्रीफळ मिळालं. कुणीतरी म्हणालं, ‘उस बेचारी को तो नंबर तक लिखना न आया.’ मी हसले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी होते, आणि शाल माझ्या खांद्यावर होती.

तो एक आकडा मी तेव्हाच सुधारला असता, तर सील उन्हाळ्याआधी लागलं असतं. पोरगी तेव्हा इथेच होती.

गेल्या आठवड्यात मृणालचा फोन आला. बातमी तिला उशिरा कळली होती. म्हणाली, ‘काकू, तुम्हीच करू जाणे. मला कुठलं जमायला!’ मी म्हटलं, ‘हो गं.’ पोरीची चौकशी केली नाही.

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा काय वाटलं, तेही सांगते. बरं वाटलं. तिच्या तोंडून ते ऐकलं म्हणून.