आमचे दाजी आणि त्यांची ठोकळ्यांची पेटी

आमच्या दाजींनी जितक्या माणसांची बुद्धी मोजली, तितक्या सोयरिकीही जालना जिल्ह्यात कुणी जुळवल्या नसतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, बदनापूरला मास्तर. नव्वदच्या सुमारास औरंगाबादेहून बुद्धिमापनाचं प्रशिक्षण घेऊन आले, ते रंगीत ठोकळ्यांची पेटी आणि गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ घेऊनच. अभ्यासात मागं पडणारी पोरं तपासायची, एवढंच त्यांचं काम. पण दाजींच्या तावडीतून कुणीच सुटत नसे. एकदा घनसावंगीच्या जीपमध्ये त्यांनी ड्रायव्हरला सहा आकडे सांगून उलटे म्हणायला लावले. तो इतका रमला की आमचा फाटा मागं गेला. उन्हात पायपीट करताना दाजी मात्र खूश. "पण गडी चुकला न्हाई! बिलकुल न्हाई!"

दाजींच्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तर पोह्यांआधी नवरदेवापुढं ठोकळे. त्याला नक्षी जमेना, तेव्हा त्याच्या वडिलांनीच पुढं सरकून झटक्यात जुळवली. "पोरगा ठीक हाय," दाजी भर बैठकीत म्हणाले, "पण बाप लई हुशार हाय." व्याही एवढे खुलले की लग्न तिथंच ठरलं.

मी स्वतः शिक्षक. पण माझी मंगल चौथीत गेली तरी तिला दोन ओळी धड वाचता येत नव्हत्या. मी ओरडलो, मारलं, शेवटी तिला शाळेतून काढायचं ठरवलं. हे कळताच दाजी पेटी घेऊन हजर.

त्यांनी तिला बैलगाडीचं चित्र दाखवलं. "यात काय राह्यलं?" तपासणीच्या पुस्तकातलं उत्तर होतं, चाकाचा एक आरा. मंगल म्हणाली, "बैलाला वेसण न्हाई. असा बैल जुंपल कोन?"

दाजी आनंदानं उठून उभे राहिले, परत बसले आणि तिला शून्य दिलं. "नियम म्हंजे नियम. पण पुस्तकवाल्यानं बैल बघितला न्हाई!"

ते शून्य धरूनही मंगलचा आकडा चांगलाच वर निघाला.

"बुद्धी अशी चांगली, अन् वाचन दुसरीच्या पोरीचं," दाजी म्हणाले. "अडचन अक्षरं वाचण्यात हाय, डोक्यात न्हाई. तोंडी शिकवा, वाचायला वेळ द्या. मंग तिला ढ कोन म्हणून राह्यलं व्हतं?"

"मीच," मी म्हणालो. मला फार लाज वाटली.

"मंग आता तुमची बी तपासनी घेतो," म्हणत त्यांनी खरंच ठोकळे माझ्यापुढं मांडले.

मंगलची शाळा सुटली नाही. ती दहावी झाली तेव्हा दाजी नव्हते. निकालाचा कागद तिनं अक्काला, एकेक अक्षर लावत, मोठ्यानं वाचून दाखवला. बराच वेळ लागला. दाजी हवे होते, असं सारखं वाटत होतं. मी शेजारी बसून राहिलो आणि तिला एकदाही घाई केली नाही.